एका डीपीवरचे दोन दर

माझ्या थोरल्या जावेचा विजेचा दर माझ्यापेक्षा कमी होता, आणि त्यावरून मी कितीतरी वर्षं जळत होते. लोक दागिन्यांवरून जळतात, कुणाच्या पोराला नोकरी लागली म्हणून जळतात. मी युनिटच्या दरावरून जळले. हसायचं तर हसा, पण ऐकून घ्या.

आमचं गाव मंचरच्या पुढं, आंबेगाव तालुक्यातलं. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा रस्त्याच्या अलीकडचं रान थोरल्यांना आलं, पलीकडचं आम्हाला. ओढ्याकडेला डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. त्या एका डीपीवरून दोन वायरी निघतात. एक थोरलीच्या कोल्ड स्टोरेजला जाते, दुसरी माझ्या वेफरच्या शेडला. सातगाव पठारावरचा बटाटा गोण्यांनी येतो आणि तिच्याकडं थंडीत बसतो. त्यातलाच मी उचलते, सोलते, काप करते, ड्रायरमध्ये वाळवते आणि पिशव्या भरते. पाच बाया माझ्याकडं कामाला आहेत. म्हणजे बटाटा तोच, खांब तोच, वीज तीच. पण तिला दर शेतीचा आणि मला उद्योगाचा!

नियमच तसा आहे म्हणे. शेतमाल नुसता थंड करून ठेवला तर ती शेती. त्याच्यावर काही प्रक्रिया केली की तो उद्योग. बटाटा अख्खा आहे तोवर शेतकरी, त्याला पातं लागलं की कारखानदार. हे मला पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी तिचं बिल आणि माझं बिल ओट्यावर शेजारी-शेजारी ठेवलं, आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला.

खरं सांगायचं तर मी आधीपासूनच जळत होते, वीज निमित्ताला सापडली. थोरली आठवी शिकलेली, माहेर ओतूरचं, आवाज असा की ती हसली तर रस्त्यापर्यंत ऐकू जावं. मी बी. कॉम. पण घरात काही ठरवायचं असलं की "थोरलीला विचारा." पाहुणे आले की "थोरली कुठाय?" आमटी मी करायची आणि बोटं चाटत पाहुण्यांनी म्हणायचं, "थोरलीच्या हाताची दिसतीय." ती सांगायचीसुद्धा, "अवो, माझी न्हाई, धाकटीची हाय." तेवढा मोठेपणाही तिनंच घ्यायचा. मग पोटात दुखणार नाही तर काय!

माझ्याकडं माझं म्हणावं असं एकच होतं. मला बिल वाचता यायचं. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क, असले शब्द बघून लोकांना घाम फुटतो. मी ते नेट लावून शिकले. हळूहळू गावातले लोक बिलं घेऊन माझ्या दारात यायला लागले. "ताई, बघा की राव, ह्यावेळी हे काय नवीन लावलंय?" मी चष्मा लावायची आणि ओळीवर बोट ठेवून समजावून सांगायची. कोळसा महाग झाला की कंपनीला वीज महाग पडते, तो फरक ह्या ओळीतून तुमच्याकडून घेतात. दुपारी सूर्याची वीज मुबलक म्हणून शेड दुपारी चालवली तर उद्योगाला सूट. संध्याकाळी सूर्य गेला आणि घरोघरी दिवे लागले, की तीच वीज महाग. लोक माना डोलवायचे. त्यावेळी मला थोरलीची आठवणही व्हायची नाही, इतकं बरं वाटायचं.

सबस्टेशनला एक तरुण साहेब बदलून आले होते. ते मीटर बघायला आले तेव्हा मी त्यांना चहाला थांबवलं. म्हटलं, "साहेब, हे दर ठरवतं कोण? तुम्ही?"

ते म्हणाले, "छे हो ताई. दर ठरवतो राज्याचा आयोग. कंपनी त्यांच्यापुढं अर्ज टाकते, की वीज विकत घ्यायला एवढा खर्च आला, खांब-वायरींना एवढा, गळतीत एवढी गेली, आम्हाला दर वाढवून द्या. मग आयोग लोकांच्या हरकती मागवतो, सुनावणी घेतो, अर्जाला कात्री लावतो आणि आदेश काढतो. त्याच्याबाहेर आम्हाला एक पैसा लावता येत नाही."

"आणि कंपनी वीज आणते कुठनं?"

"बरीचशी वर्षानुवर्षांच्या करारांची. कमी पडली की बाजारातनं. अख्ख्या देशाचा बाजार आहे विजेचा, कॉम्प्युटरवर. उद्याच्या दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडायचे आणि एकेका तुकड्याचा आजच लिलाव करायचा."

लिलाव म्हटल्यावर माझे कान टवकारले. माझं माहेर नारायणगावच्या बाजूचं, टोमॅटोवाल्यांचं. तिथं बाजारात प्रत्येकाच्या क्रेटला वेगळी बोली. आमच्या दादांच्या मालापेक्षा शेजारच्या रानातल्या मालाला भाव जास्त लागला, की दोन दिवस घरात कुणाला अन्न गोड लागायचं नाही. मी साहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले, विजेच्या बाजारात तसं नाही. विकणाऱ्यांचे भाव स्वस्तापासून वर मांडतात, घेणाऱ्यांचे महागापासून खाली. दोन्ही जिथं जुळतील तो भाव सगळ्यांना. जो त्याहून स्वस्तात द्यायला तयार होता, त्यालाही तोच.

"म्हणजे शेजारच्याला जास्त मिळाला, असं होतच नाही?"

"त्या पंधरा मिनिटांत तरी नाही. आणि भाव बेफाम चढू नये म्हणून वर दिल्लीच्या आयोगानं मर्यादा घातलेली आहे."

बाई गं, काय सुंदर बाजार! कुणाला कुणावर जळायची सोयच नाही. मी म्हटलं, "मग तिथला एक भाव आमच्या दोघींच्या दारात येईपर्यंत दोन कसे होतात?"

ते बिचारे सरळ मनाचे. म्हणाले, "उद्योगाला खर्चापेक्षा थोडा जास्त दर लावतात आणि त्यातनं शेतीचा कमी करतात. त्याला क्रॉस सबसिडी म्हणतात."

म्हणजे थोरलीचा दर कमी राहावा म्हणून मी जास्त भरत होते? तिच्या कॉम्प्रेसरची घरघर मला दिवसभर शेडमध्ये ऐकू यायची. त्या दिवसापासून ती घरघर ऐकली, की वाटायचं, चालू दे, चालू दे, माझ्याच जिवावर चालू दे.

आणि त्याच श्रावणात मला दिसू नये ते दिसलं. थोरलीच्या कोल्डमध्ये तीन खोल्या. बटाट्याचं बेणं पेरणीला बाहेर पडलं, की कडेची खोली रिकामी राहते. श्रावणात भीमाशंकरला माणसांची रीघ लागते. त्या रस्त्यावरच्या स्टॉलवाल्यांना कोल्ड्रिंक पुरवणारा एक एजंट ती खोली महिनाभर घ्यायचा. टेम्पो लागायचा, क्रेट उतरायचे. शेतीच्या दरात कोल्ड्रिंक गार व्हायचं! थोरलीला त्यात काही वावगं आहे हे माहीतही नव्हतं. तिच्या हिशेबी रिकामी खोली कुणाच्या तरी कामी आली, एवढंच. पण मला माहीत होतं. मी दर-आदेश वाचलेला. ज्या वर्गाचा दर, त्याच कामाला वीज वापरायची, नाहीतर तो गैरवापर. मी तिला सांगायला हवं होतं. रस्ता ओलांडून जायचं आणि म्हणायचं, "अक्का, हे नियमात बसत नाही." चार शब्दांचं काम होतं. मी गेले नाही.

पुढं वर्तमानपत्रात जाहीर सूचना आली. कंपनीनं नव्या दरांसाठी अर्ज केलाय, कुणाच्या सूचना-हरकती असतील तर लेखी पाठवा, सुनावणी पुण्यात. मी वहीच काढली. आठ पानं लिहिली. छोट्या वेफरवालीला शेतीच्या वर्गात घ्या, ही मागणी. काय जीव ओतला होता मी त्यात! आणि सातव्या मुद्द्याला माझा हात थांबला. मग मी लिहिलं, की वर्गवारी कशी फसवी आहे याचं उदाहरण म्हणजे, माझ्याच डीपीवर एक शीतगृह असून तिथं शेतीच्या दरात शीतपेयं ठेवली जातात.

नाव लिहिलं नाही. मी स्वतःची समजूत घातली, की उदाहरण दिलंय, चहाडी नव्हे. पण पहिल्या पानावर माझा ग्राहक क्रमांक ठळक होता, आणि त्या डीपीवर शीतगृह एकच. एवढी बिलं वाचणारी मी, मला हे कळलं नसेल? कळलं होतं.

सुनावणीचं पत्र आलं तशी थोरली पुढच्या दाराशी हजर. "एकटी कशी जाशील गं पुन्याला? मी येते संगं. लेकीकडं बटाटं बी द्यायचं हायेत."

मी हजार कारणं सांगितली. उशीर होईल, कंटाळाल, खोल्या कोण बघणार. तिनं एकही ऐकलं नाही. "अगं, आपल्या घरातली बाई साहेबासमोर बोलणार आन् मी घरी बसू व्हय?" सकाळी एसटीत ती माझ्या शेजारी बसली, पायाशी बटाट्यांची पिशवी, मांडीवर दोघींचा डबा. माझ्या फायलीवर हात फिरवून म्हणाली, "लई लिवलंस गं. मला तर दोन ओळीत घाम फुटतो." मी खिडकीबाहेर बघत राहिले. मनाला म्हटलं, लिहिलेलं फायलीत राहतं, मोठ्यानं कोण वाचतंय.

सभागृह मोठं होतं. वर अध्यक्ष आणि सदस्य, एका बाजूला कंपनीचे अधिकारी फायलींचे गठ्ठे घेऊन, समोर आम्ही. काळ्या कोटातले वकील पडद्यावर आकडे दाखवत होते. कारखानदार म्हणत होते, आमची क्रॉस सबसिडी कमी करा. शेतकऱ्यांचे प्रतिनिधी म्हणत होते, शेतीला हात लावाल तर याद राखा. थोरली माझ्या कानात, "हे बी भाऊबंदच का गं?" मला हसू आलं नाही.

माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले आणि वहन आकारापासून सुरुवात केली. का केली देव जाणे. तिथून इंधन समायोजनावर गेले, तिथून बाजारावर. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "ताई, हे सगळं लेखी आलेलं आहे. मुख्य मागणी सांगा." आणि मला माझी मुख्य मागणी सांगता येईना! मागं कुणीतरी खुर्ची सरकवली.

तेवढ्यात शेजारून आवाज आला, "मी बोलू का साहेब?"

"आपलं नाव नोंदवलंय का?"

"न्हाई जी. ही माझी जाऊ, हिनं नोंदवलंय, तिच्यातच धरा मला."

सभागृह हसलं. अध्यक्षही हसले आणि हातानं 'बोला' म्हणाले. थोरलीनं पिशवीतून एक बटाटा काढला. लेकीसाठी आणलेला. तो वर धरून म्हणाली, "साहेब, ह्यो बटाटा माझ्या खोलीत बसला की शेतीचा. रस्ता वलांडून हिच्या दारात गेला की कारखान्याचा. रस्ता धा पावलांचा बी न्हाई. तर तुमीच सांगा, धा पावलांत बटाट्याला झालं काय? माझ्याएवढा दर हिला द्या. पाच बायांची चूल पेटती तिच्या शेडवर."

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. वकीलसुद्धा हसत टाळ्या वाजवत होते. एका सदस्यानं काहीतरी लिहून घेतलं. माझी आठ पानं एका बाजूला आणि तिचा एक बटाटा एका बाजूला. तिनं माझी बाजू मांडली होती. माझ्यासाठी! मला भरून यायला हवं होतं. मला काय वाटलं सांगू? वाटलं, हेही घेतलं हिनं. जगात माझी एवढी एकच जागा होती, तिथंही ही येऊन बसली. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या माझ्या.

मग कंपनीचे अधिकारी उत्तर द्यायला उठले. चष्मा नाकावर घेऊन त्यांनी वाचायला सुरुवात केली, आणि मला कळलं की लिहिलेलं मोठ्यानं वाचतात. "मुद्दा क्रमांक सात. हरकतदार यांनी नमूद केल्यानुसार, त्यांच्याच डीपीवरील एका शीतगृहात कृषी दराने शीतपेयांचा साठा केला जातो. सदर बाब गंभीर असून कंपनी तपासणी करेल."

अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं. "हे शीतगृह कुणाचं, आपल्याला माहीत असेलच."

मी उभी होते. थोरलीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही पाहिलं, तो मला सोसला असता. कुणी ओळखीचं वाटून हाक मारावी आणि ते माणूस दुसरंच निघावं, तेव्हा बघतो तसं पाहिलं. मला 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. 'चुकून लिहिलं' म्हणता आलं असतं. मी फायलीवरची दोरी सोडत आणि बांधत राहिले.

ती उठली. बटाटा अजून हातातच होता. "माझंच हाय साहेब. श्रावणात एक खोली देते कोल्ड्रिंकला. चुकतंय हे ठावं नव्हतं. ज्यो काय दर व्हईल त्यो लावा मला. पर हिचा अर्ज त्यापायी मागं टाकू नका."

ती खाली बसली. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. अध्यक्ष म्हणाले, "नोंद घेतली. पुढचे." आमच्यामागचा माणूस उभा राहून बोलायला लागला.

लेकीकडं आम्ही गेलो, बटाटे दिले, चहा घेतला. थोरली लेकीशी सगळं नेहमीसारखं बोलली. परतीच्या एसटीत तिनं डबा उघडला, माझ्यापुढं दोन भाकरी ठेवल्या आणि स्वतः जेवली नाही. चाकण गेलं, खेड गेलं. मी म्हटलं, "अक्का, मला तसं म्हणायचं नव्हतं." ती म्हणाली, "जेवून घ्या. मंचर येईल आता." जेवून घ्या! इतक्या वर्षांत ती मला कधी अहो-जाहो बोलली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी ती स्वतः कचेरीत गेली. कुणी तपासणीला यायच्या आत कडेच्या खोलीला वेगळं मीटर मागितलं, दंड भरला, व्यापारी दर लावून घेतला. काही महिन्यांनी आयोगाचा आदेश आला, शेकडो पानांचा. माझी हरकत एका ओळीत होती. प्रक्रिया हा उद्योगच, म्हणून मागणी मान्य करता येत नाही. म्हणजे माझा दर होता तिथंच राहिला, आणि तिच्या त्या खोलीचा माझ्या वर गेला. जे मला इतकी वर्षं हवं होतं, ते झालं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात, ते असं.

ती अबोला धरून बसली असती तर मी भांडले असते, रडले असते, पाय धरले असते. तिनं काहीच केलं नाही. गावात कुणाला चकार शब्द सांगितला नाही. बटाटा मला पहिल्यासारखाच देते. फक्त एक झालंय. आमच्यात घरचं माणूस आलं तर त्याला कुणी 'बस'सुद्धा म्हणत नाही. ते आपलं येतं, चुलीपाशी बूड टेकतं, समोरचा लसूण सोलायला घेतं. खुर्ची टाकतात ती परक्याला. मी आता रस्ता ओलांडून गेले, की थोरली लगबगीनं उठते, फडक्यानं खुर्ची पुसते आणि म्हणते, "या, बसा." पाणी तांब्यातून नाही, ट्रेमध्ये ग्लास ठेवून येतं. चहा बशीसकट येतो. "आणखी घ्या की थोडा," म्हणते. मी एकदा मुद्दाम खाली बसायला गेले, तर म्हणाली, "अवो, असं कसं, वर बसा." आणि हाताला धरून मला खुर्चीवर बसवलं.

माझ्या शेडमधली एक बाई दुपारच्या सुट्टीत तिच्याकडं जाते. परवा मी गेले तेव्हा ती चुलीपुढं मांडी घालून शेंगा फोडत होती आणि थोरली तिच्यावर खेकसत होती, "अगं भवाने, टरफलं चुलीत नको टाकू म्हनलं ना! किती येळा सांगायचं तुला?" ती बाई हसत होती, अंगावर टरफलं पडलेली. मी खुर्चीवर सरळ बसून बशीसकट आलेला चहा पीत होते, आणि माझ्याच शेडवर कामाला येणाऱ्या त्या बाईवर इतकी जळत होते, की मला कप खाली ठेवावा लागला.